५८७५ आणि पुढे एकोणीस शून्ये

ईआयपी-३६७५ (ईआयपी म्हणजे इथेरियम सुधारणा प्रस्ताव) हा दस्तऐवज उघडल्यावर त्यात काही मोठे घडते आहे असे चटकन जाणवत नाही. वर क्रमांक, मिखाईल कालिनिन, डॅनी रायन आणि विटालिक ब्युटेरिन ही लेखकांची तीन नावे आणि २२ जुलै २०२१ ही तारीख. मग काही ओळींचा सारांश, व्याख्या, नियम, नियमांमागची कारणे, संभाव्य धोके, आणि अगदी शेवटी लेखकांनी आपले हक्क सोडून दिल्याची एक ओळ. या मजकुराच्या आधारावर १५ सप्टेंबर २०२२ रोजी, भारतात दुपारचे बारा वाजून बारा मिनिटे झालेली असताना, इथेरियम या ब्लॉकचेनने आपला पाया बदलला. बदल चालू असताना जाळे बंद ठेवावे लागले नाही. कुणाचे खाते नव्याने उघडावे लागले नाही. जगभर ही घटना ‘मर्ज’ या नावाने गाजली.

तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले: विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला, ईथर या इथेरियमच्या नाण्याची रोजची नवी निर्मिती किती कमी झाली, बाजारात काय झाले. पण ज्या मजकुरामुळे ती घडली त्याच्याकडे मजकूर म्हणून फार थोड्यांनी पाहिले. माझ्या मते तो आपल्या काळातल्या उत्तम गद्यांपैकी एक आहे, आणि त्याची थोरवी त्याच्या एका सवयीत आहे. प्रत्येक नियम लिहिताना ‘हे वाचणारा दुसऱ्या टोकाला आहे, त्याला निरोप उशिरा मिळेल, त्याची प्रत जुनी असेल, आणि त्याला हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला नाही’ ही जाणीव लेखकांनी एकदाही सोडलेली नाही.

परिस्थितीच तशी होती. बँकेला आपली संगणकप्रणाली बदलायची असते तेव्हा ती शनिवारी रात्री सेवा बंद ठेवते, सोमवारी सकाळी उघडते. इथेरियमला मालक नाही. त्याची नोंदवही हजारो संगणकांवर, म्हणजे नोडवर, एकाच वेळी चालते. ते चालवणारे लोक वेगवेगळ्या देशांत आहेत आणि त्यांच्याकडचे सॉफ्टवेअरही एक नाही. मर्जच्या वेळी व्यवहार चालवणाऱ्या बाजूला गेथ, नेदरमाइंड, बेसू आणि एरिगॉन हे क्लायंट होते. सहमतीच्या बाजूला प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निंबस आणि लोडस्टार. कुणी गो भाषेत लिहिलेला, कुणी रस्टमध्ये, कुणी जावा, सी शार्प, निम किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये. एवढ्या सगळ्या गटांनी एकच मजकूर वाचून आपापला प्रोग्राम लिहायचा होता. दोन गटांनी एका वाक्याचे दोन अर्थ लावले की साखळीला तिथेच दोन फाटे फुटणार. कवितेत दोन अर्थ निघाले तर वाचक सुखावतो. इथे दोन अर्थ निघाले तर लोकांचे पैसे दोन ठिकाणी दिसू लागतात.

बदल काय होता तेही थोडक्यात सांगायला हवे. ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम सुरू झाले तेव्हापासून नवा ब्लॉक जोडण्याचा मान मायनरना होता. अवघड गणिती कोडे ज्याचे यंत्र आधी सोडवील त्याचा ब्लॉक आणि त्याचेच बक्षीस, ही प्रूफ ऑफ वर्कची रीत. तिच्या जागी प्रूफ ऑफ स्टेक यायचे होते. त्यात ३२ ईथर ठेव म्हणून गुंतवलेले व्हॅलिडेटर ब्लॉक सुचवतात, त्यांवर साक्ष देतात, आणि लबाडी केली तर ठेवीला मुकतात. या नव्या पद्धतीसाठी बीकन चेन ही स्वतंत्र साखळी १ डिसेंबर २०२० पासून चालू होती. जवळजवळ दोन वर्षे ती लोकांचा एकही व्यवहार न घेता नुसती स्वतःची सहमती साधत राहिली. जुन्या साखळीवरचे सगळे व्यवहार, खाती आणि करार (म्हणजे साखळीवर चालणारे प्रोग्राम) या नव्या साखळीच्या हाती सोपवायचे होते.

केव्हा सोपवायचे, या प्रश्नाचे उत्तर या दस्तऐवजाचा गाभा आहे.

आधीच्या बहुतेक अपग्रेडमध्ये ब्लॉकचा क्रमांक ठरवला जाई. अमुक क्रमांकाचा ब्लॉक आला की नवे नियम लागू. जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे अपग्रेड ७०,८०,००० व्या ब्लॉकला व्हायचे होते. आदल्या दिवशी चेनसिक्युरिटी या संस्थेने एका प्रस्तावातली सुरक्षेची फट दाखवून दिली, सगळ्यांना घाईघाईने निरोप गेले, आणि अपग्रेड फेब्रुवारीच्या अखेरीस ७२,८०,००० व्या ब्लॉकवर ढकलले गेले. ब्लॉकचा क्रमांक मोजायला सोपा असतो आणि लोकांना त्यावरून तारखेचा अंदाज बांधता येतो. तरीही ईआयपी-३६७५ ने तो मार्ग सोडला. त्याने मोजले ते काठिण्य.

प्रूफ ऑफ वर्कमधल्या प्रत्येक ब्लॉकला एक काठिण्य असते. तो ब्लॉक मिळवायला अंदाजे किती गणित करावे लागले याचे ते माप. पहिल्या ब्लॉकपासूनच्या सगळ्या काठिण्यांची बेरीज म्हणजे एकूण काठिण्य. प्रस्ताव सांगतो की मुख्य जाळ्यावर ही बेरीज ५८७५०००००००००००००००००००० या आकड्याला पोचली की जुनी पद्धत संपली. ५८७५ आणि पुढे एकोणीस शून्ये. धरणाची दारे पंचांगातली तिथी पाहून उघडत नाहीत, पाणी कुठवर चढले ते पाहून उघडतात. हा आकडा तसा आहे.

त्यामागचे कारण दस्तऐवजातच दिले आहे. ब्लॉक-क्रमांकाची अट ठेवली असती, तर थोडीशीच ताकद हाताशी असलेला एखादा दुष्ट गट बाजूला आपला वेगळा फाटा काढून त्या क्रमांकापर्यंत पोचू शकला असता. मग पहिल्या प्रूफ ऑफ स्टेक ब्लॉकने त्या खोट्या फाट्यावरच बैठक मांडली असती तर? क्रमांक कमी कष्टातही गाठता येतो. एकूण काठिण्य मात्र तितके कष्ट उपसल्याशिवाय वाढत नाही, म्हणून अल्पमतातला फाटा तिथवर वेळेत पोचूच शकत नाही.

या अटीत मला आणखी एक गोष्ट दिसते. सात वर्षे जगभरच्या मायनरनी जे कष्ट केले त्या सगळ्यांची ती बेरीज आहे. जुन्या पद्धतीचा अंत तिच्याच मापात सांगितला आहे, आणि शेवटच्या टप्प्यापर्यंतची राखणही तिच्याकडेच ठेवली आहे. मायनर जो जो ब्लॉक काढत होते त्या त्या ब्लॉकने त्यांचा शेवट जवळ येत होता, आणि त्याच ब्लॉकने हस्तांतर सुरक्षितही होत होते. बदल घडवणारे अनेकदा जुन्याचा अवमान करून नव्याला जागा करतात. या मजकुराने जुन्यावर शेवटच्या सेकंदापर्यंत भिस्त ठेवली.

अखेरच्या ब्लॉकची व्याख्याही तितकीच जपून वाचावी अशी आहे. ज्या ब्लॉकचे एकूण काठिण्य त्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त आहे, आणि ज्याच्या आधीच्या ब्लॉकचे मात्र त्याहून कमी आहे, तो अखेरचा. दोन अर्धे आहेत आणि दोन्ही लागतात. पहिलाच अर्धा असता तर सीमा ओलांडल्यानंतर आलेला कुठलाही ब्लॉक स्वतःला अखेरचा म्हणवू शकला असता. बाप सीमेच्या आत आणि मूल सीमेवर किंवा पलीकडे, एवढ्या नात्याने ती जागा नेमकी बांधली आहे. त्यापुढे लेखक हेही मान्य करतात की असे अखेरचे ब्लॉक एकाहून जास्त असू शकतील. एकाच बापाची दोन मुले एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी जन्मली तर दोन्ही या व्याख्येत बसतात. ती शक्यता त्यांनी नाकारली नाही आणि लपवलीही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गोर्ली या टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या जाळ्यावर, नेमके तसेच झाले. दोन अखेरचे ब्लॉक आले, बरेच नोड अद्ययावत झालेले नव्हते, थोडा काळ गोंधळ दिसला, आणि मग साखळी सावरून पुढे चालू लागली. वर्षभर आधी व्याख्येत ज्याला जागा ठेवली होती तेच प्रत्यक्षात येऊन उभे राहिले होते.

याच भागात आणखी दोन मूल्ये आहेत आणि ती नजरेतून सहज निसटतात. काही अघटित घडले, कुणी जाळ्यावर हल्ला केला, तर एकूण काठिण्य बाजूला ठेवून थेट एका विशिष्ट ब्लॉकचे नाव अखेरचा म्हणून देता यावे, अशी तरतूद आहे. पण मुख्य जाळ्यासाठी ही दोन्ही मूल्ये शून्यच ठेवली पाहिजेत असे त्याच दमात सांगितले आहे. तरतूद आहे, वापर नाही, आणि वापर नाही हेही लिहून ठेवलेले आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ते गृहीत धरून सोडून दिले असते. शून्यदेखील लिहून ठेवावे लागते, कारण न लिहिलेली जागा प्रत्येक वाचक आपल्या मनाने भरतो.

ब्लॉकच्या रचनेविषयीचा भाग कोरडा वाटतो, पण मला तो फार आवडतो. नव्या पद्धतीत ब्लॉकच्या शीर्षातल्या काही जागा निरर्थक झाल्या. काठिण्य उरले नाही. कोडे सोडवल्याचा पुरावा म्हणून लिहायची नॉन्स ही संख्या उरली नाही. शर्यतीत मागे पडलेल्या ब्लॉकांची, ओमरची, यादी उरली नाही. स्वच्छतेची आवड असलेल्या माणसाने या जागा काढून टाकल्या असत्या. प्रस्तावाने त्या ठेवल्या आणि त्यांत कायमची मूल्ये भरली: काठिण्य शून्य, नॉन्स शून्य, ओमरची यादी रिकामी. कारण असे की काही करार ब्लॉकचे शीर्ष बाहेरून घेऊन, त्याचा हॅश (त्यातून गणिताने काढलेला ठसा) ताडून, आतले पुरावे तपासतात. साखळीवर एकदा ठेवलेला करार सहसा बदलता येत नाही. तो लिहिणारा कदाचित दुसऱ्या कामाला लागला असेल, कदाचित त्याला मर्जची वार्ताही नसेल. शीर्षाची ठेवण बदलली असती तर त्याचा करार कुणाला न कळता मोडला असता. ज्यांना बैठकीला बोलावता येत नाही, ज्यांच्याकडून होकार मागता येत नाही, अशांसाठी जागा राखणे मला या मजकुरातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

साखळीचे टोक कुठले मानायचे याचा नवा नियम असा: सहमतीच्या बाजूने सांगितल्याशिवाय टोक हलवायचे नाही. नवा ब्लॉक तपासला, तो प्रत्येक कसोटीला उतरला, तरीही नोडने आपण होऊन त्याला टोक मानू नये. जुन्या पद्धतीत नोड स्वतः तोलून पाहत असे आणि सर्वांत जड फाट्याकडे आपोआप वळत असे. ती सवय मोडायची होती. म्हणून हा नियम काटेकोर पाळावा हे वेगळे बजावून लिहिले आहे. कुठे सांगून थांबायचे आणि कुठे बजावायचे याचा तोल या मजकुरात सर्वत्र दिसतो. केलेच पाहिजे, करावे, करता येईल, या तीन पायऱ्या अशा दस्तऐवजांत ठरलेल्या असतात. लेखकांनी त्या सढळ हाताने वाटलेल्या नाहीत.

नोडमधल्या निरोपांविषयीच्या नियमांत हाच संयम वेळेच्या रूपाने दिसतो. नव्या पद्धतीत ब्लॉकची वार्ता पसरवण्याचा जुना मार्ग बंद व्हायचा होता. तो एका फटक्यात बंद केला असता तर ज्यांना बदलाची खबर अजून लागली नाही असे प्रामाणिक नोड गुन्हेगार ठरले असते. म्हणून नव्या पद्धतीतला पहिला ब्लॉक पक्का झाला की जुने निरोप आधी नुसते टाकून द्यायचे. त्याच्या पुढचा ब्लॉक पक्का झाल्यावरही कुणी ते पाठवत राहिला, तर मगच त्याच्याशी जोडणी तोडायची. पक्का होणे म्हणजे दोनतृतीयांश ठेवीची साक्ष मिळून तो ब्लॉक मागे न फिरणारा ठरणे, आणि त्याला साधारण तेरा मिनिटे लागतात. दूर अंतरावरच्या माणसाला समजून घ्यायला एवढासा अवधी पुरेसा होता, पण तो द्यायचे कुणाला तरी आधी सुचावे लागते.

हे सगळे कागदावर चांगलेच होते. पण ईआयपी-३६७५ चे रसग्रहण चाचण्यांचा इतिहास वगळून करता येत नाही. नाटकाची संहिता तालमीशिवाय वाचण्यासारखे ते होईल. २०२१ च्या वसंतात रेयॉनिझम या उपक्रमात पहिली कच्ची जुळणी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रीसमध्ये निरनिराळ्या क्लायंटचे लोक एकत्र बसले. त्या बैठकीचे नाव अँफोरा. तिथून पिथोस हे छोटे जाळे निघाले, डिसेंबरमध्ये किंत्सुगी, आणि मार्च २०२२ मध्ये किल्न. अँफोरापासूनची सगळी नावे कुंभारकामातली आहेत. किंत्सुगी म्हणजे फुटलेले भांडे सोन्याने सांधण्याची जपानी कला, आणि ते जाळे खरोखरच फुटले. यादृच्छिक, मुद्दाम बिघडवलेले ब्लॉक सोडणाऱ्या एका फझर प्रोग्रामने असा ब्लॉक तयार केला की काही क्लायंटनी तो नाकारला आणि काहींनी मान्य केला. साखळीला फाटे फुटले. त्या दिवसांत जाळे कोलमडले हे चाचणीचे यश होते, आणि तिथल्या लोकांनी ते तसेच मानून प्रत्येक चुकीचा माग काढला, दुरुस्त्या केल्या, काय झाले त्याचा वृत्तांत उघड केला.

मग आले शॅडो फोर्क. माझ्या मते मर्जच्या तयारीतली ही सर्वांत कल्पक युक्ती. नवीन टेस्टनेट कितीही चांगले असले तरी ते रिकामे असते. त्यावर ना वर्षांची साठलेली खाती, ना खरी वर्दळ. म्हणून एप्रिल २०२२ पासून मुख्य जाळ्याचीच संपूर्ण स्थिती घेतलेल्या काही नोडना अखेरच्या काठिण्याचा खूप लहान आकडा दिला गेला. तो गाठताच ते मूळ साखळीपासून वेगळे होऊन प्रूफ ऑफ स्टेकवर जात. मुख्य जाळ्यावरचे खरे व्यवहार मात्र त्यांच्याकडेही येत राहत, कारण दोन्हीकडे व्यवहारांचे स्वरूप तेच. लोक आपापले पैसे पाठवत होते आणि त्यांच्या नकळत तेच व्यवहार भविष्यातल्या इथेरियमवरही चालून पाहिले जात होते. अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा झाल्या. चाचणी जितकी वास्तवाच्या जवळ न्याल तितक्या वास्तवातल्या चुका दिसतात, हे तिथे घडताना दिसले.

सार्वजनिक टेस्टनेटवरची पहिली तालीम ठरली रॉप्स्टेनवर. इथेरियमच्या टेस्टनेटना शहरांतल्या स्थानकांची आणि वस्त्यांची नावे देण्याची रीत आहे: स्टॉकहोमचे रॉप्स्टेन, अथेन्सचे सेपोलिया, बर्लिनचे गोर्ली. (इथेरियमशी जोडलेल्या पॉलिगॉन या जाळ्याने आपल्या टेस्टनेटला मुंबईचे नाव दिले होते. ते मुंबई गोर्लीच्या आधाराने चालत असे, आणि गोर्ली निवृत्त झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये तेही बंद झाले. कित्येक मराठी तरुणांनी आपला पहिला करार या मुंबईवर चालवून पाहिला असेल.) रॉप्स्टेनवर प्रूफ ऑफ वर्क होते, पण त्यावरचे ईथर बिनमोलाचे असल्याने तिथे मायनिंग फार थोडे चाले. एकूण काठिण्याचा आकडा जाहीर झाला आणि कुणीतरी त्या जाळ्यावर एकदम मोठी ताकद लावली. बेरीज भराभर चढू लागली. सहमतीच्या बाजूची बेलाट्रिक्स ही तयारी आधी आणि काठिण्याची सीमा नंतर, हा क्रम उलटण्याची वेळ आली.

काही दिवसांत दोनदा निरोप द्यावे लागले. आधी सगळ्यांनी आपापल्या नोडवर सीमेचा आकडा हाताने बदलून इतका मोठा करावा की ती गाठणेच शक्य होऊ नये. मग बेलाट्रिक्स पार पडल्यावर खरा, नवा आकडा घालावा. आणि प्रत्येक नोडचे दोन अर्धे, व्यवहाराचा आणि सहमतीचा. दोन्हींत तोच आकडा भरायचा. ८ जून २०२२ रोजी रॉप्स्टेनचे मर्ज पार पडले. मुख्य जाळ्यावर ताकद इतकी प्रचंड होती की कुणाला असा अचानक उसळता भर टाकणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून मूळ मजकुरातली अट चूक ठरली नाही. पण ती अट कुठल्या जमिनीवर उभी आहे हे रॉप्स्टेनने सर्वांना दाखवले. पुढे जुलैत सेपोलिया, ऑगस्टमध्ये गोर्ली. मुख्य जाळ्यावर बेलाट्रिक्स ६ सप्टेंबरला झाले आणि नऊ दिवसांनी १,५५,३७,३९३ हा शेवटचा मायनरचा ब्लॉक ठरला.

या सगळ्यात समन्वयाचे काम कसे चालले, तेही विलक्षण आहे. मुख्य विकासकांची बैठक नेमाने होते, कुणालाही ऐकता येते, तिची टिपणे उघड असतात. तिथे मतदान नसते. मर्जच्या काळात टिम बायको यांच्यासारखे सूत्रधार हरकती विचारत जात, आणि ठोस हरकत उरली नाही की पुढे जायचे ठरे. कुणी तयार नाही म्हणाले तर तारीख सरके. मायनिंग हळूहळू अवघड करत नेणारा ‘डिफिकल्टी बॉम्ब’ साखळीतच बसवलेला होता. तयारी लांबली म्हणून तोही पुढे ढकलावा लागला, शेवटचा ३० जून २०२२ रोजी ग्रे ग्लेशियर या अपग्रेडने. बाहेरच्या लोकांनी या उशिराची खूप टर उडवली. मला तो उशीर त्या मजकुराच्या स्वभावाशी पूर्ण सुसंगत वाटतो.

तरी एका जागी हा मजकूर मला अपुरा वाटतो, आणि आवडत्या मजकुराबद्दल हे बोलायलाच हवे. मायनरची बक्षिसे बंद होतात हे त्यात एका छोट्या नियमात सांगितले आहे. नियम म्हणून ते पुरेसे आहे. पण ज्यांच्या कष्टांच्या बेरजेवर हस्तांतराची सगळी सुरक्षा टेकलेली होती, त्यांच्या यंत्रांचे आणि रोजगाराचे काय, याबद्दल एक ओळही नाही. धोक्यांच्या भागात त्यांच्या रागातून नवा फाटा निघू शकतो याची चर्चा करता आली असती, आणि तसा फाटा निघालाही. इथेरियम-पीओडब्ल्यू या नावाने जुनी पद्धत काहींनी चालू ठेवली. तांत्रिक प्रस्तावाचे हे काम नव्हे, असे त्यावर उत्तर येईल. पण जुन्या करारांसाठी शून्ये राखून ठेवणाऱ्या लेखकांकडून माणसांचा उल्लेख अपेक्षिणे गैर नाही.

आता पुढची गोष्ट. मर्जनंतर अडीच वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, होलेस्की या टेस्टनेटवर पेक्ट्रा अपग्रेडची चाचणी झाली. नव्या ठेवी ज्या करारातून येतात त्याचा पत्ता गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन क्लायंटमध्ये होलेस्कीसाठी चुकीचा बसवलेला होता. प्रोग्रामचे तर्कशास्त्र बरोबर होते; एक पत्ता तेवढा चुकला. बहुसंख्य व्हॅलिडेटर याच क्लायंटवर असल्याने चुकीच्या साखळीवर बहुमताची साक्ष पडली, आणि त्यातून मागे फिरणे अतिशय अवघड झाले. होलेस्कीवर पुन्हा ब्लॉक पक्के होऊ लागायला १० मार्च उजाडला. त्यानंतर चाचणीसाठी हूडी हे नवे टेस्टनेट उभारावे लागले, आणि पेक्ट्रा मुख्य जाळ्यावर ७ मे २०२५ रोजी आले.

ईआयपी-३६७५ मधली ती दोन शून्ये या घटनेनंतर पुन्हा वाचली म्हणजे त्यांचे मोल कळते. मर्जच्या लेखकांनी मुख्य जाळ्याची मूल्ये, अगदी न वापरायचीही, नियमाच्या भाषेत मजकुरातच बांधली होती. होलेस्कीवर जो पत्ता चुकला तो टेस्टनेटच्या रचनेचा तपशील म्हणून प्रत्येक क्लायंटने स्वतः भरायचा होता. नियम सगळ्यांनी एकत्र वाचले, आकडे ज्याने त्याने आपल्यापुरते वाचले. हा धडा मग ईआयपी-७९१० या प्रस्तावात उतरला. त्यानुसार चालू नोडला विचारता येते की आत्ताच्या आणि येणाऱ्या अपग्रेडसाठी तू कुठली मूल्ये धरून बसला आहेस. मग अपग्रेडच्या आधीच सगळ्या क्लायंटची उत्तरे शेजारी ठेवून ताडता येतात. डिसेंबर २०२५ च्या फुसाका अपग्रेडबरोबर तो आला.

आपल्याकडे संगणकशास्त्र शिकणारी मुले ब्लॉकचेनवरची पुस्तके वाचतात, व्याख्याने ऐकतात, नाण्यांच्या किमतीच्या चर्चा तर न मागताच कानावर येतात. त्यांनी एकदा हा दस्तऐवज हाती घ्यावा. आधी व्याख्या, मग कारणांचा भाग, आणि नियम सर्वांत शेवटी, असा उलटा क्रम धरला तर तो लवकर उलगडतो. जोडीला किंत्सुगीवर काय फुटले त्याचा वृत्तांत वाचावा. आणि ज्यांना मराठीत तांत्रिक लेखन करायचे आहे त्यांनी त्याचा अनुवाद करून पाहावा. लेखकांनी हक्क सोडलेले आहेत, त्यामुळे त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.